रोहिणी संपायच्या आत गोठ्याच्या भेगा बुजवा

मृगाला आता मोजून आठ-दहा दिवस उरलेत. बियाणं, खतं, पाळ्या यांत सगळे गुंतलेत आणि गोठ्याच्या भिंतीकडे बघायला कुणाला सवड नाही. दरवर्षी असंच होतं. मग आषाढात फोन सुरू होतात: गाय वैरण सोडून उभी आहे, दूध बसलं, अंग तापलंय. गोचीड ताप. अशा ठिकाणी गेलो की मी गायीला हात लावायच्या आधी भिंत बघतो. भेग असतेच.

गेल्या साली एकाकडची दुसऱ्या वेताची होलस्टीन संकरित गाय गेली. चौदा लिटरची. मालकाने कसूर केली असं म्हणवत नाही, दर पंधरा दिवसांनी दुकानातून सांगतील ते इंजेक्शन आणून टोचत होता. गव्हाणीमागच्या भिंतीला करंगळी जाईल एवढी भेग होती. बॅटरी तिरपी धरली तर आत गोचिडी ओळीने बसलेल्या, आणि खाली खसखशीसारखा तपकिरी पुंजका. ती अंडी. एक मादी हजारोंनी घालते. इंजेक्शन गायीला मिळत होतं, भिंतीला कोण टोचणार?

हा रोग थायलेरिया नावाच्या परजीवीचा. हायलोमा जातीची गोचीड लहान असताना आजारी जनावराचं रक्त पिते, पोट भरलं की गळून पडते, भेगेत शिरून कात टाकते आणि मोठी होऊन दुसऱ्या जनावराला चिकटते. चिकटली की लगेच रोग देत नाही. तिच्या लाळेत परजीवी तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून धारेच्या वेळी रोज कानाच्या आत, कासेवर, शेपटीखाली, मांड्यांच्या बेचक्यात हात फिरवला तर फुकटात गाय वाचते. हातमोजे घाला, गोचीड बोटांत चिरडू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. हीच जात काँगो तापाचा विषाणूही वाहते. गुजरातेत २०११ साली त्याने माणसं दगावली.

त्याच भेगेत आणखी एक जण राहतो, त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. वाळूमाशी. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, बसली की पंख उभे धरते, उडते कमी आणि टुणटुण उड्या मारत जाते. दिवसा भिंतीच्या भेगेत, अंधार पडला की बाहेर. अळ्या ओल्या शेणमातीत वाढतात. बिहारमध्ये मुझफ्फरपूर, वैशाली, सारण या भागांत काळा आजार, म्हणजे माणसाचा न हटणाऱ्या तापाचा रोग, पसरवते ती हीच. त्या रोगाचा परजीवी लिशमॅनिया. नेपाळात गायी, म्हशी, शेळ्यांच्या रक्तात त्याचा डीएनए सापडला, तेव्हापासून जनावरंही हा रोग सांभाळून ठेवतात का, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आहे. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आणि ब्राझीलमध्ये कुत्रा तो सांभाळतो, हे पक्कं आहे. आपल्या देशात मात्र माशी तो माणसाकडूनच माणसाकडे नेते असं धरलं जातं. मुझफ्फरपूरला माणसांवर माश्या सोडून पाहिलं, तेव्हा आजारी माणसं आणि बरं झाल्यावर कातडीवर चट्टे आलेले यांच्याकडून माशीत परजीवी गेला. लागण असूनही लक्षणं नसलेल्यांकडून गेला नाही. थोडक्यात, आजवर कळलंय त्यावरून गाय काळा आजार देत नाही. ती माशीला रक्त पुरवते, आणि जागा आपण पुरवतो.

काळा आजार महाराष्ट्राच्या मातीतला नाही. पण तबेल्यात बिहारकडचा गडी असेल, त्याचा ताप दोन आठवडे हटत नसेल आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगलं असेल, तर डॉक्टरांना त्याचं गाव आवर्जून सांगा. बोटाच्या थेंबभर रक्तावर तपासणी होते आणि औषध आहे. त्याला कामावरून काढू नका, तपासून आणा.

वाळूमाशीचं आपल्या घरचं दुखणं वेगळं आहे. चांदिपुरा हा विषाणू १९६५ साली नागपूरकडे सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लेकरं नेली. ताप, उलट्या, झटके, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपतं. लस नाही, नेमकं औषध नाही. लेकराला तापात झटका आला तर सकाळची वाट बघू नका. पावसाळाभर मुलांना गोठ्यालगतच्या पडवीत निजवू नका. साध्या मच्छरदाणीतून ही माशी आत येते, बारीक जाळीची घ्या.

आता काम. जनावरं बाहेर काढा, गव्हाण आणि पाणी झाका. भेग खिळ्याने खरवडा, निघालेला कचरा जाळा. डेल्टामेथ्रीन या गोचीडनाशकाची फवारणी भेगेच्या आतवर पोचू द्या, वाळली की दुसऱ्या दिवशी सिमेंट-वाळूने बुजवा. मातीची भिंत असेल तर माती, भुसा आणि चुना. नुसत्या शेणाने लिंपू नका. फवाऱ्यात चुना कालवू नका, औषधाचा जोर मरतो. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा.

जनावराच्या अंगावर:
– डेल्टामेथ्रीन १.२५ टक्के, लिटरला २ मिली
– किंवा अमिट्राझ १२.५ टक्के, लिटरला २ मिली. घोड्याला कधीच नाही
– सगळी जनावरं एकाच दिवशी
– जखमेवर, डोळ्यांत नको
– कपाशीवरचं कीटकनाशक कदापि नको

उकिरडा गोठ्यापासून लांब न्या. कोंबड्या मोकळ्या सोडा, गोचिडी वेचतात. संध्याकाळी निर्गुडीचा धूर केला की माशी कमी होते असं मला वाटतं. मोजून पाहिलेलं नाही.

दुकानदार आयव्हरमेक्टिन हे गोचिडीवरचं औषध पुढे करेल. दुभत्या गायीला ते नको, दुधात उतरतं. टॉनिकच्या बाटलीने गोचीड मरत नाही, त्या पैशात सिमेंटचं पोतं येतं.

ताप १०४ ते १०६ आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली, की त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवा. या तापावरचं औषध बुपारव्हाक्वोन, २० किलो वजनाला १ मिली, मानेच्या स्नायूत, त्यांच्याच हातून. डोळ्यांची आतली कड पांढरी पडेपर्यंत थांबलात तर महागडं इंजेक्शनही वाया जातं. संकरित वासरांसाठी लस आहे, तिचंही तेव्हाच विचारा.

पाऊस झाला की भिंत ओल धरेल आणि गिलावा चिकटणार नाही. आज संध्याकाळची धार झाली की बॅटरी घेऊन आधी गव्हाणीच्या मागे बघा.