पगार घटला की मुलीच्या पोटगीचा हिशेब कसा मांडायचा

माझी नोकरी गेली त्याच आठवड्यात मी मुलीच्या आईला फोन केला. "सध्या निम्मेच पाठवतो," म्हणालो. तीही समजुतीने "बरं" म्हणाली. सात महिने असेच गेले. पुढे वेगळ्याच कारणावरून बिनसलं आणि तिने वसुलीचा अर्ज टाकला, तेव्हा त्या सात महिन्यांची उरलेली रक्कम थकबाकी म्हणून माझ्यासमोर आली. फोनवरचं ते "बरं" माझ्या कामी आलं नाही. कोर्टाने ठरवलेली रक्कम कोर्टच बदलतं. तुमचा पगार घटो, वाढो किंवा बंद होवो, नवा आदेश होईपर्यंत जुनाच लागू असतो, आणि थकबाकीपोटी वॉरंट निघून तुरुंगवासही होऊ शकतो.

म्हणून उत्पन्न बदललं की पहिल्याच महिन्यात अर्ज करा. कोणत्या कलमाखाली, ते जुना आदेश काढून बघा. तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असेल, तर रक्कम बदलण्यासाठी पूर्वी कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. घटस्फोटाच्या खटल्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ठरली असेल, तर त्याच कलमाखाली बदल मागता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा आदेश असेल, तर कलम २५. अर्जात निकाल लागेपर्यंतची अंतरिम सवलतही मागा. आणि अर्ज टाकला म्हणून पैसे पाठवणं थांबवू नका. जमेल तेवढे, पण बँकेतूनच पाठवा.

आता हिशेब. आपल्याकडे "पगाराच्या इतके टक्के" असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, शेवटी न्यायाधीश सगळी परिस्थिती बघून ठरवतात. पण दिशा स्पष्ट आहे. पद्मजा शर्मा खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आई-वडील दोघंही कमावत असतील, तर मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात उचलायचा. तिथे वडिलांचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता, म्हणून वाटा दोनास एक ठेवला.

मी याच पद्धतीने वहीत मांडणी केली. सुरुवात स्वतःच्या पगारापासून केली नाही, मुलीच्या खर्चापासून केली: जेवणखाण, कपडे, घरभाड्यातला तिचा वाटा, औषधपाणी, शाळा, शिकवणी. वर्षातून एकदाच येणारी फी बाराने भागून महिन्यावर आणली. समजा हा खर्च २४ हजार आहे, वडिलांच्या हातात ६० हजार येतात आणि आईच्या ३० हजार. प्रमाण दोनास एक, म्हणजे वडिलांचे १६ हजार, आईचे ८ हजार. वडिलांचा पगार ४२ हजारांवर आला, तर प्रमाण सातास पाच होतं: वडिलांचे १४ हजार, आईचे १० हजार.

इथे नीट बघा. पगार ३० टक्के घसरला, पण वाटा १६ वरून १४ वरच आला, साडेबारा टक्के. मीही आधी पगारात जेवढी घट तेवढीच पोटगीत, असंच धरून बसलो होतो. ते चूक आहे, कारण मुलीचा खर्च माझ्या पगाराबरोबर कमी होत नाही. मी जो भार सोडतो तो तिच्या आईच्या अंगावर जातो, आणि मुलगी राहते त्या घराचं बाकीचं सगळं तिला उरलेल्या पैशांतच भागवायचं असतं. रोजचं उठवणं, डबा, आजारपणातलं जागरण तर कुठल्याच रकान्यात येत नाही.

उत्पन्न धरताना आयकर आणि भविष्य निर्वाह निधीसारखी सक्तीची कपात वजा करता येते. स्वतःच्या गाडीचा हप्ता मुलीच्या आधी धरला जाईल, अशी आशा ठेवू नका. नोकरी गेल्यावर मी सुटी कामं घ्यायचो. एखाद्या महिन्यात बरे पैसे मिळायचे, एखादा कोरडा जायचा. अशा वेळी सर्वांत वाईट महिना दाखवून चालत नाही, बारा महिन्यांची सरासरी मांडा. धडधाकट माणसाने "काहीच कमावत नाही" म्हटलं, तर कोर्ट त्याची कमावण्याची कुवत बघतं. राजीनामा स्वतःहून दिला की काढून टाकलं, हा फरकही तिथे मोठा ठरतो, म्हणून कामावरून कमी केल्याचं पत्र जपून ठेवा.

कागदांत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं शपथपत्र. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केलं. मी सोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे आणि जुन्या-नव्या पगाराच्या स्लिपा लावल्या. यात काहीही लपवू नका. खोटं शपथपत्र हा गुन्हा आहेच, पण त्यात फसवणूक आपल्याच लेकराची होते, ते मला जास्त लागतं.

दीड वर्षाने मला पूर्वीपेक्षा चांगली नोकरी लागली. उत्पन्न वाढलं की आईलाही वाढीचा अर्ज करता येतो, पण तिला तारखांना खेटे घालायला लावणं मला पटेना. दोघांनी नव्या रकमेच्या संमतीच्या अटी लिहिल्या. शाळेची फी मी थेट भरणार आणि ती पोटगीतून वजा होणार नाही, हेही त्यात घातलं, सह्या केल्या आणि त्यावर कोर्टाचा आदेश घेतला. त्याची एक प्रमाणित प्रत तिच्याकडे आहे, एक माझ्याकडे.