आवाज येतो तिकडे बघू नका! किनाऱ्यावर लढाऊ विमानं बघायला जाताय? या चुका टाळा

४ डिसेंबर २०२३. मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर आम्ही घरचे पाच जण, दोन चटया, एक दुर्बीण आणि शेजारच्या आजी. तारकर्लीसमोर नौदल दिनाची प्रात्यक्षिकं चालू होती. कानठळ्या बसवणारा आवाज आला, सगळ्यांनी माना वळवल्या आणि आकाश मोकळं! आजी म्हणाल्या, “आवाज इलो मरे, इमान खंय गेला?”

विमान तोवर सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे पोचलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही जवळजवळ सगळ्या चुका केल्या. नौदल दिनाचा हा सोहळा आता दरवर्षी वेगळ्या किनाऱ्यावर होतो. २०२२ ला विशाखापट्टणम, मग आपलं सिंधुदुर्ग, २०२४ ला पुरी, २०२५ ला तिरुवनंतपुरम. हवाई दलानेही जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तीन दिवस कसरती दाखवल्या होत्या. म्हणजे आपल्या वाट्याला संधी क्वचित येते. ती आली की निदान आमच्या चुका तरी तुम्ही करू नका.

पहिली चूक तीच, आजींची आणि आमची. हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ताशी ९०० किलोमीटरने येणारं विमान सेकंदाला २५० मीटर कापतं. दोन किलोमीटरवरून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत पोचायला सहा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात विमान दीड किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज ऐकू आला की नजर त्या दिशेला न नेता विमान जिकडे चाललंय तिकडे, पुढे न्यायची. त्याहून चांगलं म्हणजे आवाजाची वाटच बघायची नाही. समुद्रावर विमानं बऱ्याचदा खालून, क्षितिजाला चिकटून येतात. क्षितिजाच्या रेषेवरून नजर सावकाश फिरवत राहा. आधी ठिपका, मग बारीक काळपट धूर आणि अगदी शेवटी आवाज, असा क्रम असतो. एकाने क्षितिज धरायचं आणि बाकीच्यांना ओरडून सांगायचं, ही पद्धत आमच्याकडे उत्तम चालली. हे काम बारा वर्षांच्या पुतण्याकडे दिलं होतं. मोठ्यांचं लक्ष वड्यांकडे जातं.

कोकणाचं तोंड पश्चिमेला आहे, हे विसरणं

ही चूक सर्वांत महागात पडते. इंटरनेटवरचे विमानांच्या फोटोंचे बरेचसे सल्ले बंगळुरूच्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनासाठी किंवा चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासाठी लिहिलेले असतात. मरीना पूर्वेकडे बघतो, त्यामुळे दुपारनंतर तिथे सूर्य पाठीशी असतो. आपल्याकडे बरोबर उलट. कार्यक्रम दुपारी चारला असेल तर सूर्य थेट डोळ्यांत. मी साठ-सत्तर फोटो काढले. घरी बघतो तर विमान म्हणून काळे कावळे. रंग नाही, खुणा नाहीत, पंखाखाली काय लावलंय तेही कळत नाही.

आता उपाय. डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेला न मावळता बराच दक्षिणेकडे सरकून, नैऋत्येच्या अंगाला मावळतो. म्हणून किनाऱ्याचं उत्तरेकडचं टोक पकडून दक्षिणेकडे बघत बसायचं नाही. आम्ही वायरीला बसून तारकर्लीकडे, म्हणजे सूर्याकडेच बघत होतो. त्याऐवजी तारकर्लीच्या दक्षिणेला, देवबागच्या बाजूला बसून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे तोंड केलं असतं तर उजेड डावीकडून, थोडा मागूनच आला असता. तुमच्या गावच्या किनाऱ्यालाही हाच नियम लावा. शक्य तितकं दक्षिणेकडे बसा आणि उत्तरेकडून येणाऱ्या विमानांचे फोटो काढा. बंदोबस्तामुळे जागा बदलता येत नसेल तर कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणाऱ्या उजेडाचं प्रमाण, एक-दीड पायरी वर घ्या. आभाळ पांढरं पडेल, पण विमान दिसेल. नाहीतर सरळ काळी आकृतीच काढायची असं ठरवा. सोनेरी पाण्यावर चेतक हेलिकॉप्टरची काळी आकृती वाईट दिसत नाही.

दुर्बिणीतून विमानाचा पाठलाग करताना मध्ये सूर्य आला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. लहान मुलाच्या हातात दुपारनंतर दुर्बीण देऊच नका.

याच कारणाने मी रंगीत तालमीचा पक्का पुरस्कर्ता आहे. मुख्य कार्यक्रमाच्या आधीचे काही दिवस सराव चालतो. तो सकाळी झाला तर सूर्य आपल्या पाठीशी, गर्दी निम्म्याहून कमी, आणि पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यामुळे धूर पाण्यावर निघून जातो. दुपारी खारे वारे सुटले की तोच धूर किनाऱ्यावर येतो आणि पुढची विमानं धुरक्यातून बघावी लागतात.

ओली वाळू म्हणजे मोकळी जागा नव्हे

आम्ही दोन वाजता पोचलो तेव्हा पुढे ऐसपैस जागा होती. खूश होऊन चटया टाकल्या. सव्वाचारला माझी डावी चप्पल तरंगत होती.

समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाने हे लिहायला लाज वाटली पाहिजे. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. त्या दिवशी कार्तिक वद्य सप्तमी होती. सातची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईकडचा आहे. दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधीच येते. सप्तमी म्हणजे भांगाचे, लहान भरतीचे दिवस, त्यामुळे पाणी बेताने चढलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात असतो तर चटयाही गेल्या असत्या. मात्र उधाणाच्या दिवशी मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास येऊन जाते आणि संध्याकाळी ओहोटी असते, म्हणजे तेव्हा जागा जास्त मिळते. कॅलेंडर घरात असतंच. निघण्याआधी तिथी बघा आणि वाळूवर सुकलेल्या कचऱ्याची रेघ दिसते तिच्या वरच्या अंगाला बसा.

कॅमेरा ऐन वेळी कपाटातून काढणं

गणपतीत फोटो काढून कपाटात ठेवलेली लेन्स डिसेंबरात बाहेर काढाल तर आत बुरशी सापडण्याची दाट शक्यता. आपल्या दमट हवेत हे ठरलेलंच. निदान महिनाभर आधी तपासा. लेन्सच्या मागून मोबाइलची बॅटरी लावा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. बाहेरून पुसून ती जात नाही, कारण काचेच्या आतल्या बाजूला असते. दुरुस्तीवाल्याकडे द्यावी लागते आणि कोकणातून ती पुणे-मुंबईला जाऊन परत येईस्तोवर कार्यक्रम संपतो. पुढच्या वर्षासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कॅमेरा तांदळाच्या डब्यात खुपसायचा सल्ला अजून फिरतो. तांदळाची पूड कुठे कुठे जाते हे मी पैसे मोजून शिकलोय.

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. जी लावून आलात तीच. आणि काच शर्टाने पुसायची नाही. तासाभरात खाऱ्या हवेचा चिकट थर बसलेला असतो, त्यात वाळूचा कण. पुसलं की ओरखडा. आधी हवेच्या फुग्याने कण उडवा, मग मऊ कापड. घरी आल्यावर कॅमेऱ्याचं अंग किंचित ओल्या फडक्याने पुसून मीठ काढा.

फोटो बिघडतात ते कुठे? लढाऊ विमान पुसट येत असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहून वेगवान ठेवा. तोच वेग हेलिकॉप्टरला लावला की पंखा हवेत गोठतो आणि हेलिकॉप्टर दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. तिथे अडीचशेव्या भागापर्यंत खाली या, म्हणजे पाती फिरताना दिसतील. फोकस भरकटत असेल तर तो सतत माग काढणाऱ्या पर्यायावर ठेवा आणि विमान लांब असतानाच त्याच्यावर धरा. डोक्यावर आल्यावर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो. कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) घरीच राहू द्या.

मोबाइलवाल्यांनी झूम विसरावा. ताणून ताणून विमानाचा चौकोनी ठिपका होतो. मोबाइल आडवा धरा, स्क्रीनवर लांबच्या जहाजावर बोट दाबून फोकस पक्का करा, चौकटीत जहाज, किल्ला किंवा माडाची झावळी येऊ द्या आणि विमान त्यातून जाऊ द्या. आमच्या सगळ्या फोटोंत चांगला आला तो असाच एक, माझ्या बायकोचा, आठ हजारांच्या फोनवरचा. कॅमेऱ्यावर मी किती खर्च केला ते इथे लिहीत नाही.

दमट हवेचा एक फायदाही आहे. विमान जोरात वळलं की पंखांवर क्षणभर पांढरी वाफ धरते. त्या क्षणासाठी वळणावर डोळा ठेवा.

दिसेल ते राफेल

व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरतं, त्यावर राफेलचा फोटो असतो आणि लोक राफेल शोधत बसतात. नौदलासाठी २६ राफेल मरीन घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. २०२३ ला आपल्या डोक्यावरून गेली ती मिग-२९के. दोन इंजिनं, दोन उभी शेपटं, मुक्काम गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर. त्रिकोणी पंखांचं, एका शेपटाचं छोटं विमान दिसलं तर ते तेजस. पांढुरक्या, करड्या प्रवासी विमानासारखं काही दिसलं की लोक म्हणतात, “चिपी विमानतळाचं विमान वाट चुकलं.” ते पी-८आय असतं, पाणबुड्या शोधणारं, बोइंग ७३७ च्या सांगाड्यावर बांधलेलं. एकावर एक दोन पंखे आणि शेपटाला पंखाच नाही, असं हेलिकॉप्टर म्हणजे कामोव्ह. एवढं पाठ असलं तरी शेजारच्या चार चटयांवर तुमचा मान वाढतो.

विमानातून जळते गोळे सुटताना दिसले की “आग लागली” म्हणून व्हिडिओ पाठवायची घाई नको. ते फ्लेअर. उष्णतेचा माग काढत येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी सोडतात. आणि ढग खाली असतील तर उंच कसरती गाळून सपाट उड्डाणं दाखवतात. पैसे वसूल झाले नाहीत म्हणून चिडू नका, तिकीट तरी कुठे होतं!

पाणी, कान, रस्ता

ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कार्यक्रमाला लाखो लोक आले आणि उन्हाच्या त्रासाने पाच जण दगावले. किनाऱ्यावर वारा असतो, त्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि सोलकढीपेक्षा मीठ-साखरेचं पाणी बरं. सोलकढी उन्हात तीन तास टिकत नाही, हाही अनुभव. तान्ह्या बाळाला आणू नका. मोठ्या मुलांच्या कानात कापूस पुरत नाही, औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते घ्या.

ड्रोन अजिबात नको. परवानगीचा भाग वेगळाच, पण ताशी काही शे किलोमीटरने येणाऱ्या विमानाच्या इंजिनात एवढंसं यंत्र गेलं तर काय होईल? पक्ष्यांचंही तेच. एअरो इंडियाच्या वेळी तिथल्या येलहंका हवाई तळाभोवती मांसविक्री बंद ठेवतात, २०२५ मध्ये तर १३ किलोमीटरपर्यंत. मालवणात मासळीवर अशी बंदी घातली तर विमानांऐवजी मोर्चा बघायला मिळेल. तेव्हा निदान उरलेलं खाणं वाळूत टाकून घारी-कावळे गोळा करू नका. पिशवीत भरून परत न्या.

गाडीचं म्हणाल तर देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून एकच अरुंद रस्ता. मालवणातून तारकर्ली सहा-सात किलोमीटर. गाडी मालवणातच लावा आणि सकाळी चालत या. मुंबईहून येणाऱ्यांनी कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली स्टेशनला उतरून एसटी धरावी. किनाऱ्यावर नेटवर्क बसतं, यूपीआय चालत नाही, खिशात सुट्टे पैसे ठेवा. हरवलो तर कुठल्या माडाखाली भेटायचं तेही आधीच ठरवा.

आणि शेवटचं विमान गेलं की उठू नका. सगळे एकदम उठतात आणि दोन तास त्याच रस्त्यावर उभे राहतात. सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मग जहाजांवर दिवे लागतात. आम्ही ओल्या चटया पिळून तिथेच बसलो. मी कॅमेऱ्यात काळे कावळे पुसत होतो. आजी म्हणाल्या, “तू थंय बघ, मी हंय बघतंय,” आणि बोट दाखवलं. दोन हेलिकॉप्टरं लुकलुकत गोव्याकडे परत निघाली होती.