पेज बिल्डरमध्ये बनवलेलं लँडिंग पेज मोबाइलवर बिघडतंय? या चुका टाळा

जाहिरात इन्स्टावर चालते, लिंक मोबाइलवर उघडते, आणि त्या लिंकवरून उघडणारं लँडिंग पेज मात्र बनतं ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर, सगळी गडबड इथूनच सुरू होते. त्यात क्लायंटने घेतलेल्या बिल्डरमध्ये (कोड न लिहिता, वस्तू ओढून पेज बनवायचं साधन) थीमच्या फाइलला हात लावता येत नाही, पेजच्या हेडमध्ये (स्क्रीनवर न दिसणाऱ्या वरच्या भागात) कोड टाकता येत नाही, फार तर एक कस्टम सीएसएसचा (पेजच्या दिसण्याचे आपले नियम लिहायचा) बॉक्स मिळतो आणि कधीकधी तोही वरच्या प्लॅनमध्येच. मग लोक वैतागून दिसेल तिथे इम्पॉर्टंट (हाच नियम बाकीच्यांवर चालवा असं सांगणारा सीएसएसचा शब्द) लावत सुटतात. माझं म्हणणं असं की अशा बिल्डरमधले बहुतेक बिघाड कोड कमी पडल्यामुळे होतच नाहीत, मांडणी चुकल्यामुळे होतात, मांडणी सरळ केली की कोड चार-सहा ओळींत भागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बटण, फोटो, हेडिंग माउसने ओढून डोळ्याला बरं वाटेल तिथे नेऊन सोडायचं. बऱ्याच बिल्डरमध्ये असं केलं की ती वस्तू डावीकडून अमुक पिक्सेल, वरून तमुक पिक्सेल अशी खिळली जाते, आणि डावीकडून ६४० पिक्सेलवर ठेवलेलं बटण ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दिसणार तरी कुठे? सेक्शन, त्यात रो, त्यात कॉलम अशीच उतरंड ठेवा, जागा पॅडिंगने (आतल्या कडेच्या मोकळ्या जागेने) सोडा आणि रुंदी टक्क्यांत द्या. बिल्डर जुन्या पद्धतीचा असेल, म्हणजे डेस्कटॉप आणि मोबाइल असे दोन वेगळे व्ह्यू आणि दोन्हीकडे हातानेच मांडायचं, तर मोबाइलचा व्ह्यू शेवटी उरकायचं काम समजू नका, तोच आधी करा, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे.

दुसरी चूक पटकन लक्षात येत नाही आणि तास खाते. बिल्डरचे स्वतःचे ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ते आकडे) असतात आणि आपण आपल्या मनाने वेगळेच लिहितो. एलिमेंटर या बिल्डरमध्ये ते बदलले नसतील तर मोबाइल ७६७ पिक्सेलपर्यंत आणि टॅबलेट १०२४ पर्यंत धरला जातो, आता तुम्ही कस्टम सीएसएसमध्ये मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीपर्यंतच नियम लागू करणारी अट) ६०० ला लावली तर ६०१ ते ७६७ या पट्ट्यात बिल्डरने कॉलम एकाखाली एक घेतलेले असतात पण तुमचे नियम अजून डेस्कटॉपचेच चालू असतात, छोटा फोन आडवा धरला की पेज विस्कटतं ते बऱ्याचदा यामुळे. आधी बिल्डरचा आकडा शोधा, सेटिंगमध्ये सापडला नाही तर ब्राउझरची खिडकी हळूहळू बारीक करत न्या आणि मांडणी कुठल्या रुंदीला उडी मारते ते बघा, मग तोच आकडा वापरा.

आडवा स्क्रोल येतोय म्हणून बॉडीला, म्हणजे अख्ख्या पेजला, ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपवा) लावणं हा तर सर्रास चालणारा उपाय. आजार तसाच राहतो, कडेचा मजकूर कापला जातो, आणि वर चिकटून राहणारा स्टिकी हेडर बंद पडायची शक्यता असते ती वेगळीच. त्यापेक्षा डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) रुंदी ३६० करा, सगळ्या एलिमेंटना तात्पुरती लाल आउटलाइन द्या (बॉर्डर नको, ती जागा खाते), कोण बाहेर डोकावतंय ते लगेच दिसतं. बहुतेक वेळा पिक्सेलमध्ये रुंदी दिलेला फोटो, निगेटिव्ह मार्जिन (वस्तूला कडेबाहेर ओढणारं उणे अंतर), न तुटणारा लांबलचक ईमेल पत्ता, फीचा तक्ता, नाहीतर उजवीकडून सरकत येणारं अॅनिमेशन, यातलंच कोणीतरी सापडतं. आणि फ्लेक्समधला (सीएसएसच्या शेजारी-शेजारी मांडायच्या पद्धतीतला) कॉलम काही केल्या आकसत नसेल तर त्याला मिन-विड्थ (किमान रुंदी) शून्य देऊन बघा, बऱ्याचदा तिढा तिथेच सुटतो.

मोबाइलसाठी वेगळा सेक्शन बनवून डेस्कटॉपचा लपवायचा, ही सोय बिल्डर स्वतःच देतात म्हणून लोक बिनधास्त वापरतात. एखाद्या बॅनरपुरतं ठीक आहे हो, पण अख्खं पेज दोनदा बनवू नका. लपवलेला साधा फोटो बहुतेक वेळा डाउनलोड होतोच, फॉर्म दोन झाले की एकाच आयडीचे (ओळखनावाचे) दोन डबे, म्हणजे माहिती भरायच्या चौकटी, होऊन ट्रॅकिंग गोंधळतं, आणि ऑफरची तारीख डेस्कटॉपवर बदलली आणि मोबाइलवर जुनीच राहिली की गिऱ्हाइकाचे फोन सुरू. कॉलम खाली घेताना क्रम उलटा होतोय एवढ्यासाठी लोक हे करतात, त्याला बिल्डरमध्ये रिव्हर्स कॉलमचा पर्याय असतो किंवा फ्लेक्सच्या ऑर्डरने काम होतं.

एम्बेड ब्लॉकमध्ये (स्वतःचा कोड चिकटवायच्या चौकटीत) लिहिलेला कोड काही बिल्डर आयफ्रेममध्ये, म्हणजे पेजच्या आतल्या वेगळ्या छोट्या पेजमध्ये, चालवतात. तिथली मीडिया क्वेरी फोनची नाही, त्या आयफ्रेमची रुंदी मोजते, आणि तिथून बाहेरच्या पेजला स्टाइलही लावता येत नाही. म्हणजे "कोड बरोबर आहे पण लागतच नाही" असं झालं की आधी हेच तपासा. तसंच बिल्डरने आपोआप दिलेल्या आकडेवजा क्लासला (ब्लॉकला दिलेल्या नावाला) धरून सीएसएस लिहू नका, ब्लॉक डुप्लिकेट केला किंवा अपडेट आला की तो बदलू शकतो, कस्टम क्लासचा रकाना असेल तर स्वतःचं नाव द्या. बिल्डरने स्टाइल थेट टॅगमध्येच कोंबली असेल तरच इम्पॉर्टंट वापरा, तिथे खरोखर दुसरा इलाज नसतो.

आता मराठी पेजबद्दल, कारण टेम्प्लेट इंग्रजी अक्षरं धरून बनवलेले असतात. हेडिंगची लाइन-हाइट १.१ असली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला, वेलांटीला भिडतो, १.४ च्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग शून्यच हवं, नाहीतर शिरोरेखा तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. बटणाला ठरावीक रुंदी देऊ नका, "बुक नाऊ" मावतं तिथे "आजच प्रवेश निश्चित करा" मावणार नाही. आणि मजकूर फोटोतच लिहिलेला बॅनर, कृपा करून नको, डेस्कटॉपवर छान दिसणारी फीची ओळ फोनवर मुंगीएवढी होते आणि ती कुठल्याच सीएसएसने मोठी होत नाही.

फॉर्मच्या डब्यातला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला की आयफोनवर टॅप करताच पेज झूम होतं, तेवढं बघा. पहिल्या सेक्शनला १०० व्हीएच (स्क्रीनएवढी) उंची दिली असेल तर अॅड्रेस बार दिसत असताना खालचं बटण त्याच्यामुळे स्क्रीनबाहेर ढकललं जातं, एसव्हीएच (अॅड्रेस बार दिसत असतानाची उंची धरणारं माप) वापरा किंवा उंचीच देऊ नका, मजकुराला ती ठरवू दे.

तपासणी मात्र बिल्डरच्या प्रिव्ह्यूवर सोडू नका, काही ठिकाणी त्यात कस्टम कोड चालतच नाही. पेज पब्लिश करा, लिंक स्वतःला व्हॉट्सअॅपवर पाठवा, इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये पण उघडा, स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर अक्षरांचा आकार मोठा करून बघा (घरातल्या मोठ्यांचे फोन बहुतेक असेच असतात), आणि फॉर्म खरोखर भरून पाठवा. कीबोर्ड वर आल्यावर, कुकीची पट्टी आणि कोपऱ्यातलं चॅटचं बटण दोन्ही दिसत असताना, "पाठवा" वर अंगठा नीट पडतोय का ते त्यातच कळेल.