मशीनसाठी जुना लॅपटॉप घेताय? आधी मशीनची केबल पिशवीत टाका

साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. दोन बाय तीन फुटांचा एक सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या सूचनांवर कापणारी मशीन), वर्षभर अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या आणि गणपतीच्या आधी महिनाभर एमडीएफची मखरं. एका वर्षी मखराची कमान कापताना पावणेतीन तासांच्या जॉबचे अडीच तास झाले होते आणि लॅपटॉप झोपला. स्क्रीन काळी, यूएसबी बंद. राउटरने त्याच्या कंट्रोलर बोर्डात शिल्लक होत्या तेवढ्या दहा-पंधरा हालचाली पुऱ्या केल्या आणि जागच्या जागी थांबला. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) मात्र फिरतच होता. गाळ्याबाहेर चहा घेत होतो, जळक्या लाकडाचा वास आला म्हणून आत धावलो.

तो लॅपटॉप दुकानातला सगळ्यात चकचकीत पीस होता. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं पाहून घेतला होता, आणि मशीनला यातल्या कशाचीच गरज नव्हती. त्यानंतर स्वतःसाठी आणि शेजारच्या गाळेवाल्यांसाठी मिळून पाच-सहा जुने लॅपटॉप घेतले, आणि दर वेळी सुरुवात उलट्या टोकाने केली.

पायरी १ : मशीनच्या पाठीमागे वाका

कंट्रोलरच्या डब्यातून कुठली केबल बाहेर येते ते बघा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

हातात धरायचा डीएसपी रिमोट असेल, तर मशीनला लॅपटॉप जोडायचाच नसतो. फाइल पेन ड्राइव्हवर टाकायची, रिमोटला लावायची, झालं. घरचा कॉम्प्युटर पुरतो, पैसे वाचले.

चौकोनी तोंडाची यूएसबी केबल आणि आत जीआरबीएल हे मशीन हाकणारं सॉफ्टवेअर चालवणारा आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) असेल, तर काम सोपं. मोटरला पल्स (एकेक पाऊल सरकवणारे विजेचे ठोके) द्यायचं नाजूक काम तो बोर्ड स्वतः करतो. लॅपटॉप फक्त जी-कोडच्या (कटर कुठे न्यायचा ते सांगणाऱ्या) ओळी एकामागून एक पाठवतो. त्याला वेग लागत नाही, न थांबता पाठवत राहणं लागतं.

पंचवीस पिनांचा रुंद पॅरलल पोर्ट दिसला, तर लॅपटॉपचा विचार सोडा. दुकानदार यूएसबी टू पॅरलल केबल पुढे करील. ती प्रिंटरसाठी असते, स्टेप पल्स त्यातून नीट जात नाहीत. शिवाय अशा मशीन चालवणाऱ्या माक-थ्री सॉफ्टवेअरचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ३२-बिट विंडोजवरच चालतो. अशा मशीनला पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप शोधा, नाहीतर यूएसबी किंवा इथरनेटचं मोशन कार्ड (पल्स स्वतः देणारा बोर्ड) बसवून घ्या. लिनक्स-सीएनसी हे तसंच सॉफ्टवेअर लावून लॅपटॉपवरूनच पल्स काढू म्हणणारेही भेटतात. लॅपटॉपचं वीज वाचवण्याचं तंत्र मध्येमध्ये प्रोसेसरला अडवतं आणि पल्स उशिरा पडतात, मोटर स्टेप चुकवते.

नऊ पिनांचा सीरियल पोर्ट बहुधा जुन्या व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या मोठ्या सीएनसी मशीनवर) असतो. तिथे चांगल्या चिपची यूएसबी टू सीरियल केबल चालते, पण बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग), पॅरिटी (चूक पकडायची खूण) वगैरे मशीनच्या पॅरामीटरमध्ये जे असेल तेच लॅपटॉपवर ठेवावं लागतं. आकडे घरून लिहून न्या.

पायरी २ : किती जुना चालेल ते ठरवा

खरी सवलत इथे आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट ऑफिस लॅपटॉप कुणालाच नकोसे झालेत. इंटरनेटला कधीच न जोडता, पेन ड्राइव्हने फाइल देऊन फक्त राउटर चालवायचा असेल, तर हेच घ्या आणि बिनधास्त घासाघीस करा. त्यावरच बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचं काम करणार असाल, तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नका.

पिढी ओळखायला प्रोसेसरच्या नावातला डॅशनंतरचा आकडा बघायचा. आय५-७२०० म्हणजे सातवी, आय५-८२५० म्हणजे आठवी. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५ हे तिन्ही बहुधा आठव्या पिढीत मिळतात (काही पीस सातव्या पिढीचेही असतात, आकडा बघूनच घ्या), तिन्हींना लॅनचा पोर्ट आहे आणि उघडून साफ करायला सोपे. ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं पुरे. फिरती हार्ड डिस्क नकोच. राउटरच्या टेबलाला लागून ठेवलेला लॅपटॉप दिवसभर थरथरत असतो.

पायरी ३ : लॅमिंग्टन रोडवर

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. रविवार टाळा, बहुतेक शटर बंद असतात. पिशवीत मशीनची केबल, शक्य असेल तर कंट्रोलर बोर्ड किंवा तसाच दुसरा आर्डुइनो, आणि ड्रायव्हर, जी-कोड पाठवायचं सॉफ्टवेअर व एक मोठी जी-कोड फाइल असलेला पेन ड्राइव्ह. बोर्ड यूएसबीच्याच विजेवर चालू होतो, मशीन जोडलेली नसली तरी फाइल वाचत राहतो.

दुकानातला पोरगा पहिल्यांदा म्हणेल, "साहेब, हा घ्या, गेमिंगपण मस्त होतं." तुम्ही म्हणा, बॉडीला ओरखडे असलेला दाखव. झाकणावर कंपनीच्या स्टिकरचा डाग, कोपरा घासलेला, बटणांवरची अक्षरं उडालेली, अशा पिसांचा भाव उतरतो, आणि गाळ्यात आठवड्याभरात नव्याचीही तीच अवस्था होणार असते. बिजागरी मात्र घट्ट हवी. आणि टचपॅड वर उचललेलं दिसलं, तर आत बॅटरी फुगली आहे. फुकट दिला तरी घेऊ नका.

मग बोर्ड लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट दिसला पाहिजे. फाइल सुरू करा आणि केबलचं तोंड हलकेच डावी-उजवीकडे हलवा. फाइल तुटली तर तो पोर्ट सैल आहे. प्रत्येक पोर्टवर हे करा. माझ्या अनुभवात जुन्या लॅपटॉपचा सगळ्यात झिजलेला अवयव हाच, आणि तो कुणी तपासत नाही. जीआरबीएलमध्ये यूएसबी क्षणभर सुटून परत जोडली तरी बोर्ड नव्याने सुरू होतो आणि आपण कुठे होतो ते विसरतो. जॉब तिथून पुढे नेता येत नाही, शीट वाया.

फाइल चालू असताना बाकीचं बघून घ्या. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. निम्मी उरली असली तरी मशीनसाठी चालेल, भाव मात्र त्यावर पाडून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची तब्येत बघा.

शेवटची तपासणी दुकानदाराला आवडत नाही. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जा. पासवर्ड मागितला तर नमस्कार करून निघा. नंतर विंडोज रिसेट करायला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. एखाद्या कंपनीचं नाव झळकून ऑफिसचा ईमेल मागितला, तर तो पीस अजून त्या कंपनीच्या खात्यात नोंदलेला आहे. आज दुकानात चालतो, पुढच्या फॉरमॅटला तुमच्या गळ्यात. अर्धा-पाऊण तास जातो. तोवर समोर वडापाव खा.

पायरी ४ : बिल

पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि वॉरंटी किती दिवसांची हे शब्दांत. जीएसटी नोंदणी असेल तर आधीच विचारा, कारण जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त नफ्यावर कर भरतात. त्या बिलावर तुम्हाला जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही.

पायरी ५ : गाळ्यात आणल्यावर

पॉवर सेटिंगमध्ये स्लीप कधीच नाही, झाकण मिटलं तरी काही करू नको, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद. एवढ्यावर थांबू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण असते, तीही काढा. माझी कमान या एका खुणेने गेली असं मी आधी म्हणायचो. खरं तर स्लीपही सुरूच ठेवलं होतं.

लॅपटॉप जागा असूनही स्पिंडल सुरू केल्याबरोबर यूएसबी सुटत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. त्रास थांबला, तर व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचा) विजेचा गोंगाट अर्थिंगमधून येतोय. अर्थिंग तपासून घ्या, शील्डवाली दीड मीटरची केबल लावा, ती स्पिंडलच्या वायरपासून लांबून न्या. तरी भागलं नाही तर यूएसबी आयसोलेटर (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारं उपकरण) लावा. यूएसबी २.० ची मर्यादा पाच मीटरची आहे, पण गाळ्यात तिच्या जवळपासही जाऊ नका.

लॅपटॉप भिंतीवर खांद्याच्या उंचीला ठेवा. एमडीएफची भुकटी टेबलावर बसते आणि खालच्या जाळीतून पंखा ती ओढतो. पावसाळ्यात त्याच भुकटीचा लगदा होतो. महिन्यातून एकदा ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने धरा.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण मशीनच्या वायरिंगमध्येच हवं, स्पिंडलसकट सगळं तोडणारं. कीबोर्डवरचं स्टॉप हे बटण नव्हे. लॅपटॉप झोपलेला असताना ते कुणाला सांगणार?

आणि पहिला मोठा जॉब हवेत चालवा. झेड (स्पिंडलची उंची) वर, कटर काढलेला, स्पिंडल चालू, तीन तासांची फाइल. हे वॉरंटीच्या पहिल्या आठवड्यातच उरका, म्हणजे पीस बदलायला परत ग्रँट रोड गाठता येईल.