काउंटरवर अडलेलं इंजेक्शन

वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइड या औषधाचं इंजेक्शन घ्यायला मेडिकलमध्ये गेले, तर विमा कंपनीने दावा नाकारलेला. पूर्ण रक्कम भरा म्हणाले. मी रडकुंडीला आले. पण पैसे न भरता नकाराचं कारण लेखी मागितलं आणि तिथेच गाठ सुटली. डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचा ओझेम्पिक हा ब्रँड लिहिला होता. तो मधुमेहींसाठी मंजूर, आणि मला मधुमेह नाही. औषध तेच, पण वजनासाठी मंजूर असलेलं नाव वेगोव्ही. माझ्या पॉलिसीत ते बसत होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी बदलली, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१ आणि रक्तदाबाची नोंद जोडून विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागितली. मग फक्त माझा वाटा भरावा लागला.

डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून साधारण दर ४ आठवड्यांनी वाढतो. मंजुरी पुढच्या डोसलाही चालेल ना, हे आधीच विचारून घ्या.