परड्यातली धामण राहू द्या: पावसाळ्यासाठी सल्ला

आषाढाची झड लागली की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ होतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. पाणी चढायला लागलं की नदीकाठची माणसं जनावरं घेऊन वरच्या अंगाला सरकतात, आणि त्यांच्या आधी मळीतले, ओढ्याकाठचे, उसातले साप सरकलेले असतात. बिळांत पाणी शिरलं की उंदीर गोठ्यात येतात, साप त्यांच्या मागोमाग. पूर नसला तरी पावसाळाभर हेच चालतं. म्हणून आतापासून दसऱ्यापर्यंत शेणींच्या ढिगात, जळणाखाली, पिंजराच्या गंजीत साप दिसणार, हे धरूनच चाला. दिसला की काठी शोधण्याआधी दोन गोष्टी कराव्यात: चार पावलं मागं सरायचं आणि कोण आहे ते लांबून बघायचं.

आपल्याकडं सगळ्यात जास्त मार धामणीला पडतो, कारण ती मोठी असते आणि दिवसाढवळ्या फिरते. सहा-सात फुटांची धामण नवलाची नाही. अंग पिवळसर तपकिरी, कधी काळपट, मागच्या अर्ध्या अंगावर आणि शेपटीवर काळे आडवे पट्टे, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. माणूस दिसला की पळणं हा तिचा पहिला स्वभाव. कोंडली तर मान उभी फुगवून घुमल्यासारखा आवाज काढते, आणि तिथंच लोक तिला नाग समजतात. नागाचा फणा आडवा पसरतो, धामणीची मान बाजूनं चेपून उभी फुगते. चावली तर दात लागतात, रक्त येतं, पण विष नाही. शेपटीतही नाही.

धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे आजही ठामपणे सांगणारे भेटतात. सापाला चोखता येत नाही, आणि मागं वळलेल्या अणकुचीदार दातांनी सड धरला तर कुठली गाय उभी राहील? गोठ्यात ती येते पेंडीवर आणि भुशावर जमलेल्या उंदरांसाठी. दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की नाग-धामणीचं लगीन म्हणून वर कापड टाकतात, ते घरात ठेवलं की बरकत येते म्हणे. बहुतेक वेळा ते दोन धामण नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. कोल्हापूरकरांना हे खरं तर लगेच ओळखू यायला हवं.

आता हिशेबाचं बोलू. उंदीर आणि घूस उसाचं बूड कुरतडतात, बांध पोखरतात, भाताची लोंबी तोडून बिळात नेतात. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहतं. धामण आत शिरते आणि पिल्लांसकट बीळ रिकामं करते. तस्कर हा मध्यम आकाराचा बिनविषारी सापही उंदरांवरच जगतो. साप मारायचे आणि उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकायच्या, यात पैसा जातो. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबडानं किंवा धामणीनं खाल्ला तर तीही जाण्याची भीती. पुराच्या दिवसांत उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आहे तो वेगळाच.

विरोळा, म्हणजेच पाणदिवड, विहिरीत, पाटात, भाताच्या खाचरात असतो. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. बेडूक आणि मासे हे त्याचं खाणं. स्वभावानं तापट; मान चपटी करतो, अंगावर येतो, कडकडून चावतो, पण बिनविषारी. पुराच्या पाण्याबरोबर घरात शिरणाऱ्यांत हा असतोच. नानेटी हातभर, फार तर दीड-दोन हाताची, पाठीवर लांबीच्या दोन फिकट पिवळ्या पट्ट्या, गवतात वावरणारी आणि गरीब. वाळा तर गांडूळच वाटतो. कुंडी उचलली की खाली सापडतो, चकचकीत असतो आणि अंगावर गांडुळासारखी वलयं नसतात. मुंग्या-वाळवीची अंडी खातो, त्याला मातीत परत जाऊ द्या.

हिरव्या सापांबाबत मात्र जरा थांबून वाचा. गवत्या हिरवागार, बेडूक खाणारा आणि शांत. हरणटोळ दोरीसारखा बारीक, टोकदार तोंडाचा. तो टाळूवर चावतो ही भाकडकथा, आणि त्याच्या सौम्य विषानं माणूस दगावत नाही. पण पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या भागात चापडाही हिरवाच असतो. डोकं रुंद तिकोनी, मान बारीक, झुडपावर किंवा बांबूवर तासन्‌तास न हलता बसलेला. तो विषारी आहे. वैरण कापताना आधी काठीनं गवत हलवा आणि हिरवा साप कुठलाही असो, हात लांब ठेवा.

खरा घोळ घरात होतो तो कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्या तपकिरी, पांढरट पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जाणारे. पालींच्या मागं भिंतीवर, वाशांवर चढतो. मण्यार निळसर काळी, तकतकीत. बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीनं, शेपटीकडं स्पष्ट आणि डोक्याकडं पुसट किंवा नसलेले. कागदावर हा फरक सोपा वाटतो. रात्री, बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला तो दिसत नाही, आणि मण्यारीच्या पिल्लांत पट्टे डोक्यापर्यंतही असू शकतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की रात्री घरात पट्ट्यांचा साप दिसला तर ती मण्यारच समजायची. कवड्या निघाला तर काही बिघडत नाही.

डुरक्या घोणसीचंही तेच. हा आखूड, जाड, बोथट शेपटीचा बिनविषारी साप. अंगावर वेडेवाकडे डाग. खऱ्या घोणसीच्या अंगावर बदामी ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. अजगराचं पिल्लूही घोणसीसारखं दिसतं. शंका आली की घोणस धरून चाला.

मोबाइलवर फिरणाऱ्या खुणांवर विसंबू नका. तिकोनी डोकं म्हणजे विषारी, गोल बाहुली म्हणजे बिनविषारी, असं सांगतात. नाग आणि मण्यार दोघांचीही बाहुली गोल आणि डोकं तिकोनी नाही. मग ती खूण काय कामाची?

मांडुळाबद्दल एवढंच: त्याला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते. लाखांचे भाव सांगणारा कुणी आला तर तो तुम्हाला तुरुंगाची वाट दाखवतोय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साप पकडणं, बाळगणं, मारणं गुन्हा आहे.

साप परड्यात येऊच नये म्हणून काही जण घराभोवती फोरेट हे जहाल कीटकनाशक टाकतात. या औषधावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात पूर्ण बंदी आहे. त्यानं साप थांबतो की नाही हे राहू द्या, कोंबडी, कुत्रं आणि रांगतं पोर यांच्या जिवावर बेततं. लसूण, गंधक यांवरही पैसे घालू नका. काम करायचं ते आवराआवरीचं. जळण आणि शेणी भिंतीला टेकवून न रचता दगडावर फळ्या टाकून फूटभर उंच ठेवा. पेंड झाकणाच्या पिंपात. भिंतीची भोकं, दाराखालची फट बुजवा, मोरीच्या पाइपाला जाळी लावा. खुराड्याला अर्धा इंची तारेची जाळी हवी, आणि दिवे लागायच्या आत कोंबड्या आत. भाजीच्या वाफ्याभोवती ढिली नायलॉन जाळी लोंबत ठेवली तर धामण तिच्यात अडकून मरते. ताणून बांधा, हंगाम संपला की गुंडाळून ठेवा.

अंगणात साप दिसला तर पोरं आणि कुत्रं आत घ्या, त्याची वाट अडवू नका, तो जातो. घरात असेल तर त्या खोलीचं दार लावून खालच्या फटीत कापड कोंबा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. साप गळ्यात घालून फोटो काढणाऱ्याला बोलावू नका. रात्री गोठ्यात जाताना बॅटरी आणि गमबूट. झोपायला खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, कारण मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दाताची खूणसुद्धा दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही, असं कुणी म्हटलं तर पित्त समजून बसू नका.

चावलाच, तर चिरणं, चोखणं, दोरीनं आवळणं, देवऋषाकडं नेणं यातलं काही नको. अंगठी, बांगडी, जोडवं काढा, हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळं साप मारून सोबत न्यायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक. चावलेला साप विरोळाच होता अशी खात्री वाटली तरी दवाखान्यात दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच.

पुढं उसाची तोड सुरू झाली की फडातले सगळे साप शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात. तेव्हा चारी बाजूंनी घेरून तोडू नका. एका अंगानं सुरू करून ओढ्याकडची किंवा बांधाकडची बाजू शेवटाला ठेवा, आणि टोळीच्या मुकादमाला धामण दाखवून ठेवा. पाचट पेटवू नका. सरीत आच्छादन म्हणून कुजवलं तर ओल टिकते, आणि धामणीला खोडव्यातही उंदीर धरायला जागा राहते.