एम५४ इंजिनचा डिसा व्हॉल्व्ह: पिन आत पडण्याआधीची तयारी

बीएमडब्ल्यूच्या एम५४ या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला (२००० ते २००६) इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला काळ्या प्लास्टिकचा एक डबा बसवलेला असतो. हाच डिसा व्हॉल्व्ह. डब्याच्या आतल्या अंगाला जो फ्लॅप (झडप) असतो, तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर बंद राहून मॅनिफोल्डचे तीन-तीन सिलिंडरचे दोन भाग वेगळे ठेवतो आणि मिनिटाला साधारण चार हजार फेऱ्यांच्या आसपास उघडून ते जोडतो. खालच्या फेऱ्यांवर पिकअप मिळतो तो यामुळे. अडचण एवढीच की हा फ्लॅप प्लास्टिकचा, त्याला धरणारी पिन धातूची आणि दोन्ही थेट इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत. वीस वर्षांची उष्णता, तेलाची वाफ आणि इनटेकमधले सततचे धक्के यांनी पिनचं भोक रुंदावतं, फ्लॅप डुलायला लागतो, पिन हळूहळू सरकत बाहेर येते. ती सुटली की पुढचा मुक्काम इनटेक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये अडकली तर व्हॉल्व्ह वाकतो, सिलिंडरमध्ये गेली तर पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पडतात, प्लगचं टोक चेपतं, भिंतीवर ओरखडे येतात. म्हणून फ्लॅप धातूचा करून घ्यायचा आणि पिन पक्की बसवायची. काम अवघड नाही, पण अर्धवट तयारीने उघडलेलं इंजिन उगाच दोन दिवस उघडं पडून राहतं.

पहिली गोष्ट गाडीच्या वेळापत्रकाची. डबा काढायला तासभर पुरतो, पण थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) पूर्ण पक्का व्हायला चोवीस तास धरावे लागतात. म्हणजे गाडी दीड दिवस उभी राहणार हे आधीच ठरवा. संध्याकाळी काढून, रात्रभर ठेवून, सकाळी ऑफिसला जाण्याआधी घाईत बसवायचा बेत करू नका. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम प्लास्टिकमधून बोल्ट काढताना आटे लवकर मारले जातात आणि त्या अरुंद जागेत हातही भाजतो.

धातूच्या फ्लॅपचं किट मागवण्याआधी आपलं इंजिन कोणतं ते कागदपत्रांवरून पाहा, डिकीवरच्या आकड्यावरून नाही. जुन्या गाड्यांचे बॅज बदललेले असतात. २.२ आणि २.५ लिटरचा डिसा वेगळा, ३.० लिटरचा वेगळा. फ्लॅपचं मापही वेगळं. त्याआधीच्या एम५२ टीयू इंजिनावरही याच कल्पनेचा व्हॉल्व्ह आहे, पण म्हणून एम५४चं किट त्याला चालेल असं समजू नका. विकणाऱ्याने इंजिनाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. चांगल्या किटमध्ये ॲल्युमिनियमचा फ्लॅप, नवीन पिन किंवा स्क्रू आणि बाहेरच्या कडेसाठी ओ-रिंग एवढं असतं. ओ-रिंग व्हायटॉनची (उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराची) आहे का ते विचारा. तेलाची वाफ आणि उष्णता दोन्ही तिला सोसायची आहेत. साधं रबर इथे लवकर कडक होतं. बाहेरची ही सील बिनमहत्त्वाची वाटते, पण या इंजिनांवर हवा बाहेरून ओढली जाण्याच्या ठरावीक जागांपैकी ती एक आहे.

बोल्टला हात लावण्याआधी इंजिनाची आजची अवस्था लिहून ठेवा. इंजिनाचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०१७१ आणि पी०१७४ दोन्ही आले असतील तर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे कुठूनतरी मोजमाप न झालेली हवा आत येतेय. आयडलवर (गाडी उभी, पेडल न दाबता) फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने इंधनात केलेली दुरुस्ती, बराच अधिक असेल आणि अडीच हजार फेऱ्यांवर तो उतरत असेल तर गळती इनटेकमध्येच आहे. ती डिसाच्या सीलचीही असू शकते, हवा आणणाऱ्या रबरी बूटच्या (नळीच्या) चिरेचीही. हे आकडे आधी टिपले नाहीत तर काम झाल्यावर काय सुधारलं ते कळणार नाही. आयडलवर बॉनेट उघडून कान द्या: इनटेकच्या बाजूने डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येत असेल तर फ्लॅप सैल झालाच आहे. अशा गाडीने लांबचा प्रवास काम होईपर्यंत पुढे ढकला.

हत्यारांत १० मिमीचा सॉकेट, टी४० टॉर्क्स बिट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, क्लॅम्पसाठी चपटा स्क्रूड्रायव्हर किंवा ६ मिमीचा सॉकेट, लहान मापाचा टॉर्क पाना, टॉर्च, दांड्याचा आरसा. टी४० बिट चांगल्या प्रतीचाच घ्या. डिसाला दोनच बोल्ट असतात, पण त्यांतला एक अशा कोनात आहे की बिट तिरका बसतो, आणि स्वस्त बिट तिथे बोल्टचं डोकं खाऊन टाकतो. डोकं गेलं की पुढचा सगळा दिवस त्या एका बोल्टमागे जातो. याशिवाय धागे न सुटणारी स्वच्छ फडकी, कडा असलेला ट्रे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, थोडंसं सिलिकॉन ग्रीस, बारीक कानस आणि पिन-फ्लॅप मोजायला व्हर्नियर कॅलिपर. बोअरस्कोप (भोकातून आत पाहायचा बारीक कॅमेरा) असेल तर जवळ ठेवा. तो लागला नाही तर उत्तम, पण लागला तर शोधायला वेळ नसतो. ब्रेक क्लीनर मात्र या कामातून बाहेर ठेवा: डब्यातल्या रबरी डायफ्रामला (व्हॅक्युमने फ्लॅप ओढणाऱ्या पडद्याला) तो सोसत नाही.

काढण्याचा क्रम असा. किल्ली काढून घ्या. इग्निशन चालू ठेवून एअर मास सेन्सरचा (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) कनेक्टर काढला तर उगाच कोड नोंदवला जातो. बहुतेक मॉडेलवर एअर फिल्टरचा डबा १० मिमीच्या दोन बोल्टांवर असतो. ते काढा, सेन्सरचा कनेक्टर आणि बूटचा क्लॅम्प सोडा, डबा बाजूला घ्या. कनेक्टरच्या क्लिपा जुन्या झाल्याने ठिसूळ असतात, ओढण्याआधी दाबून सैल करा. आता डिसा समोर दिसतो. त्याचा विजेचा कनेक्टर काढा. वेगळी व्हॅक्युमची नळी शोधत बसू नका. व्हॅक्युम मॅनिफोल्डमधूनच आतल्या वाटेने डायफ्रामपर्यंत येतो. दोन्ही टी४० बोल्ट काढून डिसाचा डबा सरळ रेषेत, थोडा डोलवत, बाहेर ओढा. तिरपा ओढला तर फ्लॅपची कड मॅनिफोल्डच्या तोंडाला अडकते, आणि आधीच तडकलेला फ्लॅप असेल तर तुकडा आत पडायला तेवढा झटका पुरतो.

डबा हातात आला की सगळ्यात आधी मॅनिफोल्डच्या भोकात मोठं स्वच्छ फडकं बसवा. लहान कापूस किंवा टिशूचे बोळे नकोत; ते आत जातात आणि लक्षात राहत नाहीत.

यानंतरची पायरी कोणी टाळू नये: हातातल्या डब्याचे भाग मोजा. पिन जागेवर आहे का, पूर्ण लांबीची आहे का, फ्लॅपचे चारही कोपरे शाबूत आहेत का, कडेचा एखादा टवका गेलेला आहे का. सगळं जागच्या जागी असेल तर पुढचं काम आरामात करा. पिन किंवा प्लास्टिकचा तुकडा कमी असेल तर इंजिन चालू करायचं नाही, अर्धी फेरीही फिरवायची नाही, गाडी ढकलत गिअरमध्येही घालायची नाही. इंजिन आजवर बरं चाललं म्हणून तुकडा निघून गेला असं धरू नका. तो मॅनिफोल्डच्या तळाशी पडून असू शकतो आणि एखाद्या जोरदार ॲक्सिलरेशनला उठतो. आधी बोअरस्कोपने भोकातून आत पाहा. मॅग्नेट फिरवून काही चिकटलं नाही म्हणजे आत काही नाही असा निष्कर्ष काढू नका. प्लास्टिक चिकटत नाही आणि प्रत्येक पिन चुंबकाला ओढली जाईल याचीही हमी नाही. दिसलं नाही तर मॅनिफोल्ड उतरवा, सहाही वाटा आणि हेडमधले पोर्ट तपासा, प्लग काढून पिस्टनची डोकी पाहा. त्यासाठी मॅनिफोल्डची नवीन गॅस्केट लागतात, जुनी परत बसत नाहीत. ही शक्यता असेल तर ती आधीच मागवून ठेवलेली बरी.

सगळे भाग हजर असतील तर व्हॉल्व्हचीच परीक्षा घ्या, कारण धातूचा फ्लॅप मेलेल्या डब्यावर बसवून काही फायदा नाही. फ्लॅप हाताने बंद स्थितीपर्यंत दाबा, डब्यावरचं व्हॅक्युमचं बारीक छिद्र अंगठ्याने घट्ट झाका आणि फ्लॅप सोडा. तो बंदच राहिला तर डायफ्राम ठीक. हळूहळू उघडत गेला तर फाटलाय, किट वाया घालवू नका, अख्खा नवीन व्हॉल्व्ह घ्या. नंतर फ्लॅप आडवा-उभा हलवून पाहा. बंद-उघड होण्याच्या दिशेने स्प्रिंगचा ताण लागेल, पण बाजूला डुलत असेल तर झीज कुठे आहे ते पाहा. फ्लॅपच्या भोकात असेल तर किट ते बरं करतं. डब्यातून बाहेर येणारा दांडाच हलत असेल तर जागा खचली आहे, तिथे किटचा इलाज नाही.

आत तेलाचा हलका थर दिसणं साहजिक आहे. ओघळ किंवा साचलेलं तेल दिसलं तर क्रँककेस व्हेंटिलेशनचा (इंजिनाच्या तळातली वाफ इनटेककडे नेणारा) व्हॉल्व्ह बिघडलाय, आणि ती गोष्ट या इंजिनावर फ्लॅपपेक्षा कमी धोक्याची नाही. थंड प्रदेशात त्याची नळी गोठून किंवा तुंबून तेल सिलिंडरमध्ये ओढलं जातं, आणि दबत नसलेल्या द्रवावर पिस्टन आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. याच वेळी दोन्ही रबरी बूटच्या घड्या ताणून चिरा पाहून घ्या.

आता खरं बदलाचं काम. जुनी पिन आणि फ्लॅप काढताना डबा व्हाइसमध्ये पकडला तर जबड्यांना कापड किंवा लाकडाच्या पट्ट्या लावा. प्लास्टिक कापावं लागलं तर फिरतं हत्यार कमी वेगावर ठेवा, कारण वितळलेलं प्लास्टिक दांड्याला चिकटून फ्लॅप तिरका बसवतं. काम डब्याचं तोंड खाली ठेवून करा म्हणजे कीस बाहेर पडतो. मग आयसोप्रोपिलने पुसा, हवेने उडवा, पुन्हा पुसा. पिनजवळ तेलाचा अंश राहिला तर थ्रेडलॉकर धरत नाही. जुनी पिनच एपॉक्सीने चिकटवण्याचा उपाय अनेकदा सुचवला जातो. तो करू नका. तेल मुरलेल्या प्लास्टिकवर एपॉक्सी नुसतीच बसल्यासारखी दिसते.

नवीन फ्लॅप आधी कोरडा बसवून पाहा. जुन्या फ्लॅपशी त्याची लांबी, रुंदी आणि जाडी कॅलिपरने ताडून घ्या, दिशा उलटी होत नाही ना ते पाहा, हाताने पूर्ण उघड-बंद करा. कुठे घासत असेल तर कड अगदी थोडी कानसून काढा. धातूचा फ्लॅप मॅनिफोल्डला घासत राहिला तर जो चुरा निघेल तोही इंजिनातच जाईल, मग बदलाचा उद्देशच संपला. समाधान झाल्यावर स्क्रूला थ्रेडलॉकरचा एकच थेंब, तोही आट्यांवर. हा द्रव धातूच्या फटीत हवा नसताना घट्ट होतो, म्हणून जास्त ओतल्याने जास्त धरत नाही. उलट काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात, तेव्हा ओघळलेलं लगेच पुसा. चोवीस तास हलवू नका. दुसऱ्या दिवशी स्क्रू पान्याने सुटतो का हे पाहण्याचा मोह होतो. एकदा फिरवला की धरलेली पकड तुटते आणि सगळं नव्याने.

बाहेरच्या सीलसाठी जुनी कडक झालेली गॅस्केट धारदार पण बोथट टोकाच्या पात्याने पूर्ण काढा, खाच स्वच्छ करा, ओ-रिंगला ग्रीसचा नुसता हात फिरवून ती पीळ न पडता बसवा. डबा आत घालण्याआधी फडकं बाहेर काढलंय याची खात्री दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. बोल्ट आधी बोटांनी सुरू करा, मग आलटून-पालटून आवळा. १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. हवा गळते म्हणून करकचून आवळणं ही इथली नेहमीची चूक, डब्याचे कान तडकतात आणि गळती वाढते.

फ्लॅप काढून टाकून रिकामा डबा परत बसवणं हाही एक मार्ग आहे. आत पडण्यासारखं काही उरत नाही हे खरं, पण खालच्या फेऱ्यांवर गाडी सुस्त होते. किट यायला वेळ असेल तेवढ्यापुरतं ठीक.

चालू केल्यावर जुने कोड पुसा, इंजिन गरम होऊ द्या आणि आधी लिहून ठेवलेले ट्रिमचे आकडे शेजारी ठेवून ताडा. आयडलवर खडखड थांबलेली असावी. अजून ट्रिम चढाच असेल तर डिसाच्या कडेने धूर सोडून गळती पाहा, मग बूटकडे वळा. पहिल्या ऑइल बदलाला डबा एकदा काढून स्क्रू जागेवर आहे ना ते डोळ्यांनी पाहा, पुढे दर दुसऱ्या ऑइल बदलाला.